हशा वगळून

टिपणबाईंच्या इतिवृत्तात आजवर कुणी एक काना काढला नव्हता की एक मात्रा घातली नव्हती. पाणीपुरवठ्याच्या त्या कचेरीत दर मंगळवारी बैठक भरायची. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत वही मांडीवर घेऊन बसायच्या आणि बुधवारी दुपारच्या चहाआधी दोन पानी इतिवृत्त प्रत्येकाच्या टेबलावर जाऊन पडायचं. ते वाचणाऱ्याला वाटावं, इथे सगळी देवमाणसंच नोकरीला ठेवली आहेत. कुणी कुणावर खेकसत नाही, कुणी मध्येच तोंड घालत नाही, जो तो आपली पाळी आली की मोजकं बोलतो आणि मग 'चर्चेअंती असे ठरले'. बावीस वर्षं बाईंनी त्या कचेरीचे मळके कपडे आत घेतले होते आणि इस्त्री करून बाहेर दिले होते. अभिमान वाटायला तेवढं पुरे होतं. बाईंना तसाही तो लवकर वाटायचा.

यामागची विद्या शॉर्टहँडची. शॉर्टहँडवाल्याचा हात हा वेडा असतो. काय घ्यायचं, काय सोडायचं हे त्याला कळत नाही. कान उघडा तोवर हात चालू. त्यामुळे बैठकीतला खोकला सोडून बाकी सारं बाईंच्या वहीत उतरायचं. मग टाइप करताना नको ते गाळायचं कसं? त्यासाठी बाईंनी स्वतःची एक खूण काढली होती. बैठकीत हशा झाला की समासात एक टपोरा ठिपका आणि त्याला शेपूट, बेडकाच्या पिल्लासारखं. पिल्लू दिसलं की मागच्या मुद्द्यापासून पुढचं कामाचं बोलणं सुरू होईपर्यंतचा मजकूर सरळ वगळायचा. 'हसले ते वाऱ्यावर, ठरले ते कागदावर,' असा गुरुमंत्र त्यांनी हाताखाली आलेल्या दोन मुलींना दिला होता. दोघीही पुढे नोकरी सोडून गेल्या. त्याला कारण मंत्र नसावा.

बाईंना आणखी एक खोड होती. यमक जुळवायची. निरोप समारंभ असो की नव्या टाकीचं उद्घाटन, चार ओळी बाईंच्याच. त्यामुळे वरून जेव्हा फर्मान आलं की सहज बोलण्यातून होणाऱ्या त्रासाबद्दल कचेरीत 'जाणीव सप्ताह' पाळावा, तेव्हा सगळ्यांच्या माना आपोआप कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळल्या. बाईंनी आढेवेढे घेतले, म्हणजे अर्धं मिनिट घेतले, आणि दुसऱ्या दिवशी ओळी दिल्या:

बोल वाटतो फुलाचा, देठाशी गं काटा,
हसू वाटून घेती सारे, सल एकीचाच वाटा.

फलक छापून आले. एक लिफ्टजवळ, एक जिन्यात, एक पाण्याच्या कूलरवर. त्या आठवड्यात बाईंना तहान फार लागली. कूलरशी उभं राहून घोट घोट पाणी पीत कोण वाचतंय, कोण नुसतंच पेला भरतंय, हे त्या निरखत होत्या. मंगळवारच्या बैठकीत साहेब म्हणाले की बाईंनी काळजालाच हात घातला, आणि लगेच मागे भिंतीकडे वळून म्हणाले की पिटुकले, तू वाच बरं ते मोठ्यानं, तुझा आवाज कसा शाळेतल्या पोरीसारखा गोड आहे. सगळे हसले. बाईंनी मान न वर करता समासात पिल्लू काढलं.

पिटुकली म्हणजे पंपांची इंजिनीअर. वय चौतीस, हाताखाली सोळा माणसं, ताब्यात सगळ्या शहराला पाणी चढवणारे पंप. उंचीनं बेताची, म्हणून पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तिला ते नाव ठेवलं आणि ते रुजू पत्रापेक्षा जास्त टिकलं. बाईही तिला तेच म्हणत. लाडानं.

जाणीव सप्ताह संपून तीन आठवडे झाले आणि तिनं तक्रार दिली. फलक वाचून कुणी खरंच तक्रार करेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. फलक लिहिणारीच्या तर नव्हतंच. कूलरजवळ 'पाणी जपून वापरा' अशीही पाटी होती. तिच्याखाली बसून बाई स्वतः वाहत्या नळाखाली डबा धूत. पाट्या काय, भिंतीला शोभा म्हणून असतात.

तक्रारीत लिहिलं होतं की चौदा महिने, दर मंगळवारी, बैठकीत तिच्यावरून थट्टा होते. तिनं मांडलेली योजना दुसऱ्याच्या नावानं पुढे जाते. ती नको म्हणते ते कुणाच्या कानी जात नाही. चौकशीला तिघांची समिती बसली. अध्यक्ष म्हणून बाहेरून एक वकीलबाई आल्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. त्यांनी चौदा महिन्यांची इतिवृत्तं मागवली, आणि ती निघाली आरशासारखी लख्ख. थट्टा नाही, टोमणा नाही, 'नको' तर नाहीच नाही. उलट प्रत्येकाच्या माथ्यावर 'मागील बैठकीचे इतिवृत्त एकमताने मंजूर', आणि त्या एकमतात तक्रारदारही हजर. बैठकीतल्या मंडळींना एकेकटं बोलावून विचारलं, तर सगळ्यांचं म्हणणं एकच: घरच्यासारखं वातावरण आहे हो, थोडीफार चेष्टा चालायचीच.

कागदावर पुरावा नाही म्हटल्यावर तक्रार निकालात निघणार हे उघड होतं. ती निघाली की इंजिनीअरला जुन्या पाइपांच्या भांडारात पाठवायचं, असंही ठरत आलं होतं. तिच्याच सोयीसाठी, म्हणजे पुन्हा कुणाशी खटका उडायला नको. भांडारात पंप नव्हते. एक पहारेकरी होता आणि गंज होता.

उरलं होतं फक्त एक ओळीचं प्रमाणपत्र: 'सदर इतिवृत्ते पूर्ण व खरी आहेत.' त्यावर टिपणबाईंची सही हवी होती, गुरुवारपर्यंत. कागद द्यायला खुद्द साहेब बाईंच्या टेबलाशी आले, स्टूल ओढून बसले आणि म्हणाले की बाई, तुमची एक सही म्हणजे शंभर साक्षीदार. बावीस वर्षांत साहेब असे शेजारी कधी बसले नव्हते. बाई इतक्या विरघळल्या की ते गेल्यावर त्यांनी कोऱ्या कागदावर सही तीनदा गिरवून पाहिली. शेवटची सगळ्यात ऐटबाज आली.

तिथेच ती करून टाकली असती तर ही गोष्ट इथे संपली असती. पण 'पूर्ण' या शब्दावर बाई अडल्या. यात माणुसकी, न्याय वगैरे काही नव्हतं. नुसता धंद्याचा चोखंदळपणा. ताळा पाहिल्याशिवाय सही करायची नाही, हा त्यांचा नेम. आणि ताळा पाहायला वह्या होत्या. खरं तर इतिवृत्त मंजूर झालं की वही फाडून टाकायची, असा नियम होता. पण बाईंना आपली शॉर्टहँडची वळणं फार आवडत. इतकी सुंदर अक्षरं फाडवतात कुणाला? म्हणून त्या वह्या गुपचूप घरी नेत आणि पलंगाखालच्या खणात ठेवत. माणसाच्या हातून कधी कधी बरं काम होतं ते असं, मिरवण्याच्या नादात.

घरी दोघीच. बाई आणि त्यांच्या वन्सं. बाईंचे यजमान जाऊन आठ वर्षं झाली होती. वन्सं त्यांची थोरली बहीण, तीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून काढलेली. सुई आणि जीभ, दोन्ही एका हिसक्यात टोचायची सवय. संध्याकाळी त्या मटार सोलत बसल्या होत्या. बाईंनी वह्या पसरलेल्या पाहून म्हणाल्या की मनात वाचू नकोस, मोठ्यानं वाच, तुझी ती कचेरी मलाही कळू दे.

बाईंनी वाचायला घेतलं, तेही हावभावांसकट, कारण पिल्लांपाशी विनोद चांगले होते. पंप पहाटे चालवले तर वीज कमी लागेल, अशी योजना इंजिनीअरनं मांडली तेव्हा साहेब म्हणाले होते की हे घरून करून आणलंस वाटतं, तुझा नवराही इंजिनीअरच ना. पिल्लू. उपसाहेब म्हणाले होते, पिटुकले, पंप बंद पडला तर तुलाच आत सोडू, उघडायचा खर्च वाचेल. पिल्लू. चहा आला तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, इतक्या शिकलेल्या हातानं ओतलेला चहा प्यायला मिळतोय, नशीब आपलं. पिल्लू. आणि त्यानंतर पाचच मिनिटांनी उपसाहेबांनी पहाटेच्या पंपांची तीच योजना आपल्या शब्दांत सांगितली होती. इतिवृत्तात ती त्यांच्याच नावावर होती. तिच्या तोंडून आली ती हशाच्या पोटात गेली होती, त्यांच्या तोंडून आली ती कामकाजात बसली होती. नियमाप्रमाणे अगदी बरोबर.

वन्संचा हात मटाराच्या शेंगेवर थांबला.

"अगं, यात हसायचं कुठे ते सांग. म्हणजे मी हसते."

बाई म्हणाल्या की अहो, ते वाचून नाही कळायचं, तिथे असायला हवं, चेहरे बघायला हवेत.

"बरं. तिचा कसा होता चेहरा?"

बाईंनी आठवून पाहिलं. आठवेना. लिहिणाऱ्याची मान खाली असते. चौदा महिने टेबलाच्या टोकाला कोण कसं बसलं होतं, हे त्यांना वहीत जेवढं होतं तेवढंच ठाऊक होतं. म्हणून त्यांनी वहीच पुन्हा पाहिली, आणि तेव्हा त्यांना पिल्लांच्या शेपटाखालच्या बारीक रेघा दिसल्या. त्या त्यांनीच काढल्या होत्या, वेड्या हातानं. पण हशा संपून काम सुरू होईपर्यंतच्या फटीत त्या सापडल्या होत्या, म्हणून टाइप करताना त्यांच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

'ही योजना मी केली आहे, साहेब.'

'मला हे नाव आवडत नाही.'

'मी चहा ओतणार नाही, माझं टिपण राहतंय.'

'हे मी मागच्या मंगळवारीही सांगितलं होतं.'

पानोपानी. कधी चार शब्द, कधी दोन. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे बाईंनी थट्टेबरोबर तिची उत्तरंही जाळली होती आणि वर राख कशी नेटकी निघाली म्हणून पाठ थोपटून घेतली होती.

आणखी एक पान उलटलं आणि बाई वाचायच्या थांबल्या. समासात तीन पिल्लं होती, ओळीनं. इतका हशा त्या चौदा महिन्यांत दुसऱ्या कुणाला मिळाला नव्हता. तो बाईंना मिळाला होता.

त्या दिवशी इंजिनीअरनं बैठकीतली खुर्ची बदलून मागितली होती. तिची खुर्ची खालीच बसलेली असायची, वर होत नसे. बाई बैठकीत सहसा बोलत नसत, पण त्या दिवशी विनोद असा जिभेवर आला की राहवेना. माझ्या इतिवृत्तांचे बावीस गठ्ठे आहेत, त्यातले दोन घाल की खाली, असं त्या म्हणाल्या होत्या. नाहीतरी त्यांचा दुसरा उपयोग कुणाला आहे? आणि पाय लोंबकळले तर झोपाळा समज, पिटुकले. साहेबांनी टेबलावर थाप मारली होती. उपसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. बाईंच्या मते तो विनोद मुळात स्वतःवरच होता, त्यामुळे तो धुतल्या तांदळासारखा स्वच्छ.

"हा मला माहीत आहे," वन्सं हळूच म्हणाल्या. "घरी येऊन दोनदा सांगितला होतास. दोन्ही वेळा मी हसले होते." त्यांनी सोललेले दाणे उगीचच एका भांड्यातून दुसऱ्यात ओतले. "पुढे काय आहे?"

पुढे बारीक रेघा होत्या. 'मला फळ्यावरचं दिसत नाही, म्हणून मागते आहे.'

खुर्चीचा मुद्दा इतिवृत्तात आलाच नव्हता. तिन्ही पिल्लांनी मिळून तो गिळला होता. जे कागदावर नाही ते खरेदीवाल्याला कळणार कुठून? खुर्ची आली नाही. त्यानंतर इंजिनीअर बैठकीला मागे, भिंतीशी उभी राहायला लागली. बाईंनी ते पाहिलं होतं. तरुण आहे, उभं राहायची हौस असेल, असं त्यांना वाटलं होतं.

गुरुवारी समितीच्या खोलीत बाई गेल्या त्या सही न करता, पिशवीत सात वह्या घेऊन. पिशवी टेबलावर ठेवताना त्यांनी जे सांगितलं ते घरी चांगलं पाठ केलं होतं, तरी फाटक्या गोणीसारखं सांडत गेलं: इतिवृत्तं खरी आहेत, पण पूर्ण नाहीत, म्हणजे जेवढी आहेत तेवढी खरी आहेत, पण बाकीचं इथे आहे, आणि हे मी फाडायला हवं होतं, ते मी फाडलं नाही, तीही माझी चूकच.

वकीलबाईंनी एक वही उघडली, आडवी धरली, उभी धरली.

"हे वाचता कुणाला येतं?"

"मला."

"आणखी कुणाला?"

बाईंनी मान हलवली. बावीस वर्षांत त्यांनी इतक्या खुणा स्वतःच्या स्वतः काढल्या होत्या की शॉर्टहँड शिकवणारे मास्तर उठून आले असते तरी त्यांनी कपाळाला हात लावला असता.

"मग तुम्ही वाचाल तेच आम्ही धरायचं," वकीलबाई म्हणाल्या.

बाई वाचायला लागल्या. समोर साहेब होते, उपसाहेब होते, आणि टोकाला इंजिनीअर. त्या खोलीत तेच विनोद, तोच क्रम, तीच माणसं, पण हसायला कुणी तयार नाही. विनोद असा एकटा पडला की फार केविलवाणा दिसतो; लग्नघरातून सगळे गेल्यावर मागे राहिलेल्या वाजंत्र्यासारखा. मध्येच साहेबांनी अडवलं. हे असं सुटं वाचलं तर कसंही वाटेल, तेव्हा सगळेच हसत होतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. तक्रारदारही हसत होत्या का, असं वकीलबाईंनी विचारलं. साहेब बाईंकडे बघायला लागले. बाई म्हणाल्या की मी पाहिलं नाही.

मग ते पान आलं.

दोन पानं एकदम उलटणं बोटाला काही कठीण नव्हतं. बोट ओलं होतंच. कुणाला कळणार? त्या खोलीत त्या एकट्याच साक्षर होत्या. बाईंच्या मनानं तेवढ्या क्षणात केवढी वकिली केली: थट्टा स्वतःवर होती, बोलणारी वयानं मोठी होती, मनात काही नव्हतं, आणि तक्रारीत आपलं नाव नाहीच. साहेबांनी बहुधा हेच सगळं मनाशी म्हटलं असेल, याच क्रमानं, हे ध्यानात आलं तेव्हा बाईंना स्वतःची मोठी गंमत वाटली. काळजाला हात घालणाऱ्या ओळी लिहिणारी बाई, आणि हात आता कुठे होता, तर पानाच्या कोपऱ्यावर.

त्यांनी एकच पान उलटलं.

"विषय, बैठकीतली खुर्ची. लेखनिकबाई म्हणाल्या," त्या म्हणाल्या, आणि गठ्ठे, झोपाळा, पिटुकली, सगळं वाचलं. थाप मारल्याचंही वाचलं. आवाज इतिवृत्ताचाच निघाला, सपाट, इस्त्रीचा. मग बारीक रेघा. "तक्रारदार म्हणाल्या, मला फळ्यावरचं दिसत नाही, म्हणून मागते आहे."

इंजिनीअरनं इतका वेळ टेबलाकडे पाहिलं होतं. आता तिनं वर पाहिलं.

"हे तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"लिहिलेलं आहे."

ती म्हणाली, "मला वाटायला लागलं होतं की मी हे सगळं मनातच बोलते."

बाईंनी पुढचं पान वाचायला घेतलं.

समितीनं तक्रार निकालात काढली नाही. ती ऐकायची ठरली. भांडाराची बदली थांबली. सातही वह्या अक्षरशः टाइप करून द्यायचं काम बाईंवर आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चहाचा ट्रे बाईंच्या टेबलाला वळसा घालून गेला. साहेब जिन्यात दिसले, पण त्यांना नेमकं तेव्हाच छताला काहीतरी चिकटलेलं दिसलं. बाईंना वाईट वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं. बावीस वर्षांनी मिळालेला तो स्टुलावरचा शेजार दोन दिवसही पुरला नव्हता.

शनिवारी सकाळी इंजिनीअर टेबलाशी आली. तिला दुरून येताना पाहून बाईंनी मनात एक वाक्य तयार करून ठेवलं होतं: 'अहो, त्यात काय एवढं, माझं कामच ते.' आभार मानले की हे म्हणायचं, विनयानं, किंचित हसून. त्यांनी केसांवरून हातसुद्धा फिरवला.

"तक्रारीला पुरवणी जोडायची आहे," ती म्हणाली. "तुमचं नाव त्यात नव्हतं. आता घालते आहे."

तयार वाक्य जिभेवरच सुकलं. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं.

"घाला," त्या म्हणाल्या. आणि मग आठवून, "ते टाइप कुणाकडून करून घेणार?"

दोघींनी खोलीभर नजर फिरवली. त्या कचेरीत टाइप करणारी माणसं मोजून एक होती.

बाईंनी शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढून आणली, तिला बसायला दिली आणि कोरी वही उघडली. इंजिनीअर बसली. सावकाश सांगू का, असं तिनं विचारलं. बाई म्हणाल्या की नको, माझा वेग चांगला आहे. मग ती सांगत गेली आणि बाई लिहीत गेल्या: तारीख, विषय, कोण काय म्हणालं, गठ्ठे, झोपाळा, खुर्ची न आल्याचं, त्यानंतर चार महिने उभं राहिल्याचं. स्वतःच्या नावासाठी बाईंना नवी खूण काढावी लागली, इतकंच. आपलं नाव शॉर्टहँडमध्ये लिहायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"नाही," इंजिनीअर म्हणाली. "त्याच्या आधीही एकदा तुम्ही असंच काहीतरी म्हणाला होतात. मी नवीन होते तेव्हा. लिफ्टमध्ये."

बाईंना काहीसुद्धा आठवत नव्हतं. त्यांनी नवं पान घेतलं.

"सांगा," त्या म्हणाल्या.